हंगाम १९९७चा, पुस्तक १९९८चं

शिकागोच्या युनियन स्टेशनातून सुटणारी ‘वुल्व्हरिन’ गाडी साधारण पाच तासांत ॲन आर्बरला, माझ्या जुन्या विद्यापीठाच्या गावी, पोचते. इंडियाना मागे टाकून मिशिगनमध्ये शिरलं की घड्याळ तासभर पुढे करायचं, मग नाइल्स, कॅलमझू, बॅटल क्रीक, जॅक्सन. ऑक्टोबर संपत आला होता आणि रुळांच्या दोन्ही अंगांना मेपल लालभडक झाले होते. माझ्या पिशवीत एकच पुस्तक होतं, तेही चुकीचं.

युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये मी शिकत होतो तेव्हा, म्हणजे १९९७च्या हिवाळ्याआधीच्या त्या तीन महिन्यांत, आमचा (अमेरिकन) फुटबॉल संघ एकही सामना हरला नाही. त्या हंगामाची आठवण घरात असावी म्हणून मी विद्यापीठाचं १९९७चं इयरबुक, म्हणजे वर्षभराच्या आठवणींचं छापील पुस्तक, ‘मिशिगनेन्सियन’, ऑनलाइन मागवलं. उघडून बघतो तर आदल्या वर्षीचे सामने! इयरबुक उन्हाळ्याच्या तोंडावर निघतं आणि फुटबॉल त्याआधीच्या शरदात होऊन गेलेला असतो, त्यामुळे १९९७चा हंगाम १९९८च्या पुस्तकात सापडतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणून मग योग्य पुस्तक स्वतः जाऊन शोधायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी आधी नॉर्थ कॅम्पसवरच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीत गेलो. विद्यापीठाची आणि तिथल्या खेळांची जुनी कागदपत्रं इथे जपलेली आहेत. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. १९४८चं इयरबुक मागितलं. त्यात प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांचा १९४७चा संघ आहे: दहा सामने, दहा विजय, आणि रोज बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियावर ४९-०. मिशिगनने १९०२ साली स्टॅनफर्डला हरवलं तेही ४९-० असंच. आता खरी गंमत पुढे आहे. देशातला पहिला संघ मतदानाने ठरायचा, आणि त्या काळी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं पत्रकारांचं अंतिम मतदान अशा बोल सामन्यांआधीच व्हायचं, म्हणून १९४७चं अधिकृत पहिलं स्थान नॉत्र दाम विद्यापीठाला मिळालं. नव्या वर्षात खास फेरमतदान झालं, त्यात मिशिगन पुढे आलं, पण ते मोजलं गेलं नाही. बरोबर पन्नास वर्षांनी आमच्याही वाट्याला अर्धाच मान आला. पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं आणि प्रशिक्षकांनी ३२ विरुद्ध ३० मतांनी नेब्रास्काला. ती दोन मतं मला आजही टोचतात.

दुपारी लिबर्टी स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांचं दुकान गाठलं. १९९८चं इयरबुक तळाच्या कप्प्यात मिळालं, जाडजूड, कोपरे दबलेले. पण त्याच्या शेजारी जे सापडलं त्याने मी जमिनीवर बसकणच मारली. तो १९९७च्या उन्हाळ्यात निघालेला फुटबॉलचा वार्षिक अंक होता. हंगाम सुरू होण्याआधी असे अंक येतात. कोण जिंकेल, कोण चमकेल याचे अंदाज त्यात असतात. आपल्या दिवाळी अंकातल्या वार्षिक राशिभविष्यासारखंच. इयरबुकाला सगळं ठाऊक असतं. या अंकाला काहीच ठाऊक नसतं, म्हणून मला तो जास्त प्रिय आहे.

मिशिगनच्या पानावर सामन्यांचं वेळापत्रक होतं आणि कुणीतरी पेन्सिलीने प्रत्येक नावासमोर अक्षर लिहिलं होतं: जिंकलो तर ‘डब्ल्यू’, हरलो तर ‘एल’. अकरा सामन्यांत चार ‘एल’ होते. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. त्याआधीची सलग चार वर्षं आम्ही दरसाल चार सामने हरलो होतो, आणि हंगामापूर्वीच्या क्रमवारीत चौदाव्या स्थानावर होतो. कोलोरॅडोसमोर ‘एल’, आम्ही २७-३ ने जिंकलो. पेन स्टेटसमोर ‘एल’, तिथे जाऊन ३४-८. विस्कॉन्सिनसमोर ‘एल’, २६-१६. आणि शेवटच्या ओहायो स्टेटसमोरचा ‘एल’ तर इतका दाबून लिहिलेला की मागच्या पानावर त्याचा वण उमटला होता.

त्या शेवटच्या सामन्याला, २२ नोव्हेंबरला, मी स्टेडियममध्ये होतो. लाखाच्या वर माणसं. माझ्याबरोबर कोल्हापूरचा रूममेट होता, त्याला तोवर खेळाचे नियमही धड ठाऊक नव्हते. ओहायोने पंट मारला, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवला. आमच्या चार्ल्स वुडसनने तो झेलला आणि ७८ यार्ड पळत सुटला. त्याच्या मागे आमच्या बाजूचा आवाज असा वाढत गेला की पायाखालची फळी थरथरताना जाणवत होती. रूममेट माझा दंड घट्ट धरून ‘पळ, पळ, पळ’ असं मराठीतच ओरडत होता. २०-१४ ने जिंकलो आणि विद्यार्थी मैदानात उतरले. डिसेंबरमध्ये वुडसनला हाइझमन, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूचा पुरस्कार, मिळाला, मुख्यतः बचावात खेळणाऱ्या खेळाडूला पहिल्यांदाच. एक जानेवारीला रोज बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ ने हरवलं तो सामना आम्ही सातजणांनी एका खोलीत, बटाटेवडे खात पाहिला.

इयरबुकात त्या पळण्याचा फोटो आहे का, हे मी दुकानात पाहिलंच नाही. वेळापत्रकाचं ते पानच बघत राहिलो.

शनिवारी परतीच्या गाडीआधी स्टेडियमपर्यंत चालत गेलो. आता दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती उभ्या आहेत, आमच्या वेळी बाहेरून ते बसकं दिसायचं. सामना नव्हता. फाटकाच्या गजांतून मैदानाचा हिरवा तुकडा दिसला तेवढा पाहिला.

घरी आल्यावर दोन्ही पुस्तकं चुकीच्या पुस्तकाशेजारी लावली. त्या चार ‘एल’समोर खरे गुण लिहावेत म्हणून पेन्सिल हातात घेतली होती. मग ठेवून दिली.