मँचेस्टर सात मैलांवर असताना

"तुम्ही मँचेस्टरला असता ना? मग फुटबॉलमध्ये मँचेस्टर युनायटेड की मँचेस्टर सिटी?" पुण्या-मुंबईला गेलं की भाचेमंडळींचा पहिला प्रश्न हाच. इथल्या गणपतीत भेटणारे मराठी लोकही हेच विचारतात. मी "ओल्डहॅमचा क्लब" म्हटलं की समोरचा जरा थांबतो. मग पुढचा प्रश्न येतो, "पण सारख्या हरणाऱ्या, खालच्या डिव्हिजनमधल्या टीमच्या मागे कशाला लागायचं?" भाचेमंडळींनो, तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मुळात मी मँचेस्टरला राहत नाही. मी राहते ओल्डहॅमला. मँचेस्टरपासून सात मैलांवर, पेनाइन टेकड्यांच्या कुशीतलं हे गाव. इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आले. हॉस्पिटल आणि बाउंडरी पार्क हे मैदान अगदी शेजारी-शेजारी आहेत. हिवाळ्यात मंगळवारी संध्याकाळी ड्यूटी संपवून बाहेर पडलं की धुक्यात फ्लडलाइट पेटलेले दिसायचे आणि माणसं, पोरंबाळं निळे मफलर गुंडाळून चढावरून चालत निघालेली असायची. कामावरच्या एका मैत्रिणीकडे एक तिकीट जास्तीचं होतं, तिच्याबरोबर पहिल्यांदा आत गेले. फुटबॉलमधलं तेव्हा मला फारसं कळत नव्हतं. गाव मात्र त्या दिवशी कळायला लागलं.

एकेकाळी ओल्डहॅमइतक्या सूत कातायच्या चात्या जगात दुसऱ्या कुठल्याच गावात फिरत नव्हत्या. तीनशेच्या वर सूतगिरण्या होत्या इथे. गिरण्यांची यंत्रं बनवणारा प्लॅट ब्रदर्सचा कारखानाही इथलाच, आणि त्यांची यंत्रं बोटीने मुंबईला जायची. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत सूत काढायच्या खात्यात होते, त्यामुळे हे गाव मला परकं वाटलंच नाही. इथली शेवटची सूतगिरणी, एल्क मिल, १९९८ साली बंद पडली. मैदानाच्या जवळच होती ती. आज तिथे दुकानांचा मॉल आहे आणि नाव गिरणीचंच ठेवलंय. परळला जाऊन आलेल्या माणसाला आणखी काही सांगायला नको.

गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी व्यायामशाळा राहिल्या, गणपती मंडळं राहिली, भजनी मंडळं राहिली. ओल्डहॅममध्ये उरला तो क्लब. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता देशभरात निकाल वाचले जातात तेव्हा या गावाचं नाव घेतलं जातं, ते या अकरा जणांमुळे. एरवी ओल्डहॅम बातम्यांत येतं ते वाईट कारणानेच. २००१ च्या वांशिक दंगली लोकांना अजून आठवतात. म्हणून माझ्या लेखी या क्लबचं जगणं ही फक्त खेळाची गोष्ट नाही.

हा क्लब १८९५ साली पाइन व्हिला या नावाने सुरू झाला आणि १८९९ साली ओल्डहॅम अॅथलेटिक झाला. लोक लाडाने 'लॅटिक्स' म्हणतात. १९१५ मध्ये इंग्लंडचं अजिंक्यपद एका गुणाने हुकलं, ते एव्हर्टनने नेलं. १९२३ ला सगळ्यात वरची डिव्हिजन सुटली आणि परत जायला ६८ वर्षं लागली.

मी बसते त्या बाजूला चॅडी एंड म्हणतात. तिथे वारा असा येतो की मे महिन्यातही कोट काढवत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत. गुडघ्यावर चौकोनी ब्लँकेट, हातात थर्मासमधलं बोव्हरिल नावाचं कढत पेय, आणि खिशात गेल्या मॅचचं घडी घातलेलं पत्रक, त्यावर पेन्सिलीने कोणाला किती मार्क दिले ते लिहिलेलं. मे १९९१ ची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मीच तिथे होते असं वाटतं. मोसमाचा शेवटचा दिवस, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध आपण ०–२ ने मागे, मग २–२, आणि वाढीव वेळेत पेनल्टी. नील रेडफर्नने ती मारली. त्या एका गोलने वेस्ट हॅमला मागे टाकून सेकंड डिव्हिजनचं विजेतेपद आलं. प्रशिक्षक जो रॉयल यांचा तो संघ. पुढच्याच वर्षी, १९९२ ला, सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या जागी प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बावीस संघांत ओल्डहॅम होतं. १९९३ मध्ये शेवटच्या तिन्ही मॅच जिंकून तग धरला. १९९४ ला एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये लंडनच्या वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध आपण १–० ने पुढे होतो. ज्यादा वेळेचं शेवटचं मिनिट चालू असताना युनायटेडच्या मार्क ह्यूजने बरोबरीचा गोल केला. पुन्हा खेळवलेली मॅच ४–१ ने गेली, आणि त्याच मोसमात प्रीमियर लीगही गेली. आजोबा ह्यूजचं नाव घेत नाहीत, 'तो गोल' म्हणतात.

त्यानंतर घसरगुंडी. १९९७ पासून २०१८ पर्यंत सलग २१ वर्षं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, मग चौथ्या, आणि २०२२ मध्ये वरच्या चार डिव्हिजनांच्या फुटबॉल लीगमधूनच बाहेर. ११५ वर्षांची जागा गेली. प्रीमियर लीगमध्ये खेळून पुढे लीगबाहेर पडलेला हा पहिलाच क्लब.

"टीम वाईट होती म्हणून पडली" असं म्हणून हे सोडून देतात, ते मला पटत नाही. चांगले खेळाडू इथे घडतच होते. जेम्स टारकॉस्की पुढे इंग्लंडकडून खेळला, त्याची सुरुवात इथली. मायका रिचर्ड्स पोरसवदा असताना आमच्या अकादमीत होता, तो सिटीने नेला. २०१२ पासूनच्या नियमांमुळे मोठ्या क्लबला लहान क्लबचा मुलगा ठरलेल्या भरपाईवर उचलता येतो. वर्षानुवर्षं दहा-बारा वर्षांच्या पोरांवर मेहनत घ्यायची आणि पीक हाताशी आलं की दुसऱ्याने कापून न्यायचं, हे खालच्या डिव्हिजनच्या प्रत्येक क्लबचं दुखणं आहे.

पण त्याहून मोठं दुखणं मालकीचं. क्लब गावाचा, असं आपण म्हणतो. कागदावर तो एका माणसाचा असतो, आणि तो माणूस कसा निघेल हे गावाच्या हातात नसतं. आमच्याकडे तर कित्येक वर्षं क्लब एकाच्या नावावर आणि मैदान दुसऱ्याच्या. प्रशिक्षक इतके बदलले की नाव पाठ होईपर्यंत नवा आलेला असायचा. युनायटेडकडून गाजलेला खेळाडू पॉल स्कोल्स लहानपणापासून ओल्डहॅमचा चाहता. २०१९ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून आला आणि ३१ दिवसांत गेला. मनापासून आलेला माणूस महिन्याच्या वर टिकत नसेल तर दोष खेळाडूंच्या पायात शोधण्यात काय अर्थ आहे?

त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बरी गावचा क्लब लीगने काढून टाकला. पैसे कुठून येणार याची खात्री मालकाला देता आली नाही म्हणून. १८८५ साली स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब एका संध्याकाळी लीगबाहेर. आमच्या वॉर्डमध्ये बरीहून येणारी एक सिस्टर होती. पुढचे कित्येक शनिवार ती स्वतःहून जादा ड्यूटी मागून घ्यायची. घरी बसवत नाही, म्हणायची.

एप्रिल २०२२ मध्ये सॅलफर्डविरुद्धच्या मॅचला मी चॅडी एंडलाच होते. आपण १–२ ने मागे, लीगमधून पडणार हे दिसत होतं, आणि लोक मैदानात उतरले. मालकाच्या विरोधातले फलक घेऊन मधल्या वर्तुळात बसले. मॅच थांबली. उरलेली मिनिटं नंतर रिकाम्या स्टँडसमोर खेळवली. माझ्या शेजारचे आजोबा खाली उतरले नाहीत, पण उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींनी त्याला हुल्लडबाजी म्हटलं. मी तसं म्हणणार नाही. तोंडाने सांगून, पत्रं लिहून, सभा घेऊन झाल्यावर लोकांकडे तेवढंच उरलं होतं.

त्या उन्हाळ्यात गावातलेच उद्योजक फ्रँक रॉथवेल यांच्या कुटुंबाने क्लब घेतला आणि मैदानही घेतलं. अल्झायमरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला एकट्याने अटलांटिक वल्हवून पार केलेला हा माणूस. पाचव्या पायरीवर असूनही प्रेक्षक कमी व्हायच्या ऐवजी वाढले. तिथून वर यायचं म्हणजे चोवीस संघांतून दोघांनाच वाट मिळते, एक थेट आणि एक प्लेऑफमधून, म्हणजे त्याच्या खालच्या काही संघांच्या बाद फेरीतून. हे अन्यायाचं आहे, तीन जागा तरी हव्यात, आणि त्यासाठीच्या मोहिमेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. १ जून २०२५ ला प्लेऑफच्या फायनलमध्ये वेम्बलीवर साउथएंडविरुद्ध आपण दोनदा मागे पडलो. ज्यादा वेळेत नॉरवुड आणि हॅरट यांनी काही मिनिटांच्या अंतराने गोल केले आणि ३–२ ने लीगमध्ये परत आलो. मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने मला धरून ठेवलं.

पण चांगला मालक मिळणं हे नशीब झालं, आणि गावाची इतकी मोठी गोष्ट नशिबावर ठेवून चालत नाही. २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. मालकाची पात्रता तपासायची, आणि परवानगीशिवाय मैदान विकू द्यायचं नाही. काही जण म्हणतात, सरकारने खेळात कशाला पडावं? त्यांनी एकदा बरीला जाऊन विचारावं.

माझी क्लबकडूनही एक मागणी आहे. ग्लॉडविक, कोल्डहर्स्ट, वर्नेथ या भागांत पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या राहतात. त्यांचे आजोबा याच गिरण्यांत रात्रपाळी करायला आले होते. कोल्डहर्स्टच्या गल्लीत पोरं दिवसभर फुटबॉल खेळतात, मैदान हाकेच्या अंतरावर आहे, आणि स्टँडमध्ये मात्र आमच्यासारखे चेहरे मोजकेच. मला चॅडी एंडला कधीही कुणी वावगं बोललेलं नाही, हे मुद्दाम सांगते. पण "या" म्हणायलाही कुणी त्या गल्लीत जायला हवं. नुसतं एक दिवस फोटो काढायला नाही. शाळेशाळेत जाऊन, आईबापांना भेटून, दरवर्षी. हे गाव निम्मंच स्टँडमध्ये बसलं तर क्लब गावाचा आहे असं मला पूर्ण मनाने म्हणता येत नाही.

आता तुमच्या "युनायटेड का नाही" या प्रश्नाबद्दल. युनायटेडचा मला राग नाही. पण तुम्ही पुण्यात बसून शनिवारी रात्री टीव्हीवर प्रीमियर लीगची जी इथल्या दुपारी तीनची मॅच बघता, ती मला इथे घरी दिसत नाही. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, साठीच्या दशकापासून. लोकांनी सोफ्यावर न बसता आपापल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून. ही बंदी उठवा असं अधूनमधून कुणीतरी म्हणत असतं. ती उठली तर सगळ्यात आधी आमच्यासारखे क्लब मरतील, कारण आमची कमाई दारावरच्या तिकिटांची.

तेव्हा भाचेमंडळींनो, या उन्हाळ्यात नको, जानेवारीत या. ओल्ड ट्रॅफर्डची सहल तुम्हाला कुणीही घडवेल. शनिवारी तीनला मी तुम्हाला चॅडी एंडला नेईन. मोजे दोन-दोन घाला, कानटोपी आणा, आणि आजोबांनी बोव्हरिल पुढे केलं तर नको म्हणू नका, मात्र त्यात बीफ असतं हे आधीच सांगून ठेवते.