आठ वजीर, ब्याण्णव उत्तरं

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मध्यम सोसायटीचा वॉचमनचा तक्ता डोळ्यासमोर आणा. एक गेट, चार वॉचमन, दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ जागा. एका दिवसात एकाच माणसाला दोन पाळ्या नकोत. रात्रपाळी करून उतरलेल्याला लगेच सकाळपाळी नको. तक्ता काढायला तयार सॉल्व्हर आहेतच. पण कन्स्ट्रेंट सॉल्व्हर (नियम दिले की ते पाळणारी उत्तरं शोधणारा प्रोग्रॅम) आतून कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर तो एकदा स्वतः लिहावा लागतो. त्यासाठी हा तक्ता अगदी बेताच्या आकाराचा आहे.

बहुतेक जण पहिला वेळ घालवतात तो शोध हुशार करण्यात: कोणता चल (इथे पाळीची एक जागा) आधी घ्यायचा, कोणतं मूल्य (इथे वॉचमन) आधी लावायचं वगैरे. ते नंतर करता येतं. आधी नीट जमायला हवं ते मागे फिरणं. चुकीच्या फांदीवरून परत येताना सगळं जसं होतं तसं झालं नाही, तर पुढचा प्रत्येक निकाल संशयास्पद.

डोमेन, म्हणजे एका जागेला अजून चालू शकणारे वॉचमन, बिटांत ठेवा. चार वॉचमन म्हणजे चार बिट, सगळे शक्य असतील तेव्हा ११११, म्हणजे १५. तिसरा वॉचमन रजेवर असेल तर त्याचा बिट काढायचा: १०११, म्हणजे ११. काढण्याआधी ट्रेल नावाच्या स्टॅकवर एक जोडी टाकायची: कुठल्या जागेवर आणि जुनं मूल्य काय. चॉइस पॉइंट, म्हणजे फांद्या फुटतात तो निवडीचा टप्पा, उघडताना ट्रेलची उंची टिपून ठेवायची. फांदी फसली की त्या उंचीपर्यंत एकेक जोडी काढत जुनं मूल्य परत लिहायचं. क्रम शेवटची आधी असाच हवा, कारण एकाच जागेच्या दोन नोंदी असतील तर सर्वांत जुनी नोंद शेवटी लिहिली गेली पाहिजे.

प्रोलॉग या प्रोग्रॅमिंग भाषेत हे काम आणखी हलकं आहे. डेव्हिड वॉरन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या अमूर्त यंत्रात चल एकदाच बांधला जातो आणि मागे येताना फक्त मोकळा होतो. त्यामुळे ट्रेलवर नुसता पत्ता पुरतो. शिवाय ताज्या चॉइस पॉइंटनंतर जन्मलेल्या चलाची नोंदच करावी लागत नाही, कारण मागे फिरताना तो सगळा भागच टाकून दिला जातो. डोमेन मात्र टप्प्याटप्प्याने आकसतं, म्हणून आपल्याला जुनं मूल्यही जपावं लागतं.

आता इथली खरी खाच. एकाच फांदीत एक डोमेन दहा वेळा आकसलं तर दहा नोंदी होतात, आणि लागते फक्त पहिली. म्हणून प्रत्येक डोमेनवर शिक्का मारतात: या पातळीवर याची नोंद झाली आहे. शिक्का आताच्या पातळीचा असेल तर पुन्हा नोंद नाही. कल्पना उत्तम, पण शिक्का म्हणून शोधाची खोली (आता किती चॉइस पॉइंट उघडे आहेत तो आकडा) वापरली की घात होतो.

कसा ते बघा. खोली ३, डावी फांदी. डोमेन १५ वरून ११ झालं, नोंद झाली, शिक्का ३. फांदी फसली, मागे आलो, डोमेन पुन्हा १५ झालं, पण शिक्का ३ तसाच राहिला. आता उजवी फांदी, खोली पुन्हा ३. डोमेन १५ वरून ७ करायचं आहे. शिक्का ३, खोली ३, म्हणजे नोंद झालेली आहे असं समजून नोंद टाळली जाते. ही फांदीही संपवून खोली २ वर आल्यावर डोमेन ७ च राहतं. एक वॉचमन कायमचा गायब. प्रोग्रॅम कोसळत नाही, चुकीचा तक्ताही देत नाही, फक्त काही बरोबर तक्ते त्याला कधीच सापडत नाहीत. उपाय सोपा आहे: शिक्क्यासाठी फक्त वाढतच जाणारा ६४ बिटांचा मोजक, आणि प्रत्येक नव्या फांदीला, मागे फिरून घेतलेल्या फांदीलाही, नवा आकडा.

हाच दोष उलट बाजूने रांगेत लपतो. एखादं डोमेन बदललं की त्याच्याशी बांधलेले प्रोपगेटर (एकेक नियम तपासून न चालणारी मूल्यं छाटणारे तुकडे) रांगेत जातात, आणि तोच प्रोपगेटर दोनदा जाऊ नये म्हणून त्यावर ‘रांगेत आहे’ अशी खूण असते. मधेच फांदी फसली तर रांग रिकामी करायची हे सुचतं, खुणा पुसायचं राहून जातं. मग तो प्रोपगेटर खुणेनुसार कायम रांगेत, प्रत्यक्षात कुठेच नाही. त्याला पुन्हा कोणी उठवत नाही आणि नियम मोडलेले तक्ते बिनदिक्कत बाहेर पडतात.

म्हणून एक उत्तर आलं की खूश होऊ नका, सगळी उत्तरं मोजा. यासाठी वजिरांचं कोडं फार कामाचं: जितके वजीर तितक्याच ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या बुद्धिबळाच्या पटावर ते एकमेकांना मार न देता बसवायचे. ४ वजिरांची २ उत्तरं, ५ ची १०, ६ ची ४, ७ ची ४० आणि ८ ची ९२. मोजणी कमी आली तर आधी ट्रेल तपासा, जास्त आली तर आधी रांगेच्या खुणा. तरीही दोष सापडत नसेल तर तपासणीपुरती प्रत्येक चॉइस पॉइंटवर सगळ्या डोमेनची पूर्ण नक्कल ठेवा आणि मागे फिरल्यावर जुळवून बघा. हळू चालेल, पण पहिला फरक जिथे दिसेल तिथेच चूक आहे. (नक्कल हा काही निव्वळ तपासणीचा मार्ग नाही. जीकोड या सॉल्व्हरची मांडणीच ट्रेलऐवजी नक्कल आणि पुनर्गणना यांवर उभी आहे.)

प्रोपगेटरने स्वतःजवळ ठेवलेले आकडेही ट्रेलवर हवेत. ‘या वॉचमनच्या पाच पाळ्या भरल्या’ हा मोजक मागे फिरताना उतरला नाही, तर पुन्हा उत्तरं कमी पडतात. माझं मत: आधी दर वेळी नव्याने मोजा. २१ जागा मोजायला वेळ तो कितीसा लागणार?

डोमेन शेकड्यांत गेलं की विरळ संच वापरून बघा. मूल्यं एका ॲरेत, त्यांच्या जागा दुसऱ्या ॲरेत, आणि एक आकार. मूल्य काढायचं म्हणजे त्याची शेवटच्या जिवंत मूल्याशी अदलाबदल करून आकार एकने घटवायचा. मागे फिरताना फक्त आकार परत लिहायचा, क्रम बदललेला चालतो. फक्त काढता काढता फिरायचं असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे फिरा, नाहीतर अदलाबदलीत पुढे आलेलं मूल्य न तपासताच सुटतं. सर्वांत लहान आणि मोठं मूल्य शोधणं मात्र यात महाग पडतं.

आता पुन्हा गेटवर. समजा कमिटीने ठरवलं की प्रत्येकाला आठवड्याला दोन सुट्ट्या. म्हणजे माणशी जास्तीत जास्त ५ पाळ्या, चौघांच्या मिळून २०. जागा २१. माणसाला हे बोटांवर कळतं. पण प्रत्येक वॉचमनसाठी ‘पाचपेक्षा जास्त नको’ असा सुटा प्रोपगेटर लिहिलात, तर सॉल्व्हरला ते कळत नाही. दिवसाला एकच पाळी, त्यामुळे पाचव्या दिवसाआधी कोणाच्याच पाच पाळ्या भरू शकत नाहीत. तीन वेगळी माणसं बसवण्याच्या रोज २४ तऱ्हा, चार दिवसांच्या ३,३१,७७६. रात्र-सकाळच्या नियमाने यातल्या काही गळतात, पण सुट्ट्यांच्या नियमाने एकही छाटली जात नाही. उरलेल्या प्रत्येकीखाली पुन्हा तेच रान.

चारही मर्यादा एकाच प्रोपगेटरच्या हाती द्या. तो कमाल मर्यादांची बेरीज करतो, २० ही २१ पेक्षा कमी बघतो, आणि शोध सुरू होण्याआधी मुळाशीच नकार देतो. एका दिवसाच्या तिन्ही जागांवर ‘सगळे वेगळे’ या नियमाचंही तसंच. सकाळ आणि दुपार या दोन्ही जागांना फक्त पहिला किंवा दुसरा वॉचमन चालत असेल, तर रात्रीला ते दोघेही मिळणार नाहीत. जोडीजोडीने ‘समान नको’ तपासणाऱ्या प्रोपगेटरना हे कधीच दिसत नाही. झाँ-शार्ल रेजँ यांनी १९९४ मध्ये दिलेली पद्धत जागा आणि माणसं यांची जोडणी एका आलेखात मांडते आणि कुठल्याच पूर्ण जोडणीत न बसणारी मूल्यं छाटून टाकते. त्यात आधी सर्वांत मोठी जोडणी शोधायची, मग आलेखाचे घट्ट जोडलेले भाग काढायचे. हा प्रोपगेटर महाग आहे, म्हणून रांगा दोन ठेवा: स्वस्त प्रोपगेटर पहिल्या रांगेत, हा दुसऱ्या, आणि पहिली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. फांदी फसली की खुणा दोन्ही रांगांच्या पुसायच्या.