तेल सोडू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

फोन शहाद्याहून येवो, चाळीसगावहून येवो नाहीतर थेट पुण्याहून, प्रश्न ठरलेला असतो. "काका, वडिलांची मासे धरायची जुनी रील माळ्यावर सापडली. जाम झाली आहे. थोडं तेल सोडलं तर चालेल ना?" रील म्हणजे काठीला लावायची, गळाची दोरी गुंडाळणारी चकरी. अमळनेरला माझ्या दुकानात येणारे तर विचारतही नाहीत. रील काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "दादा, तेल टाकी द्या ना, फिरी जाई."

फिरेलही कदाचित. तरी तेल सोडू नका. हे मी फोनवर शंभरदा सांगितलं असेल, पण कारण सांगायला फोन पुरत नाही.

माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. रीलचं काम मी हौसेनं करतो, पण दोन्हीकडचा दोष बहुतेक वेळा एकच निघतो. बंद पडलेली जुनी रील मोडलेली क्वचितच असते. तिच्यात पूर्वी कुणीतरी घातलेलं ग्रीस किंवा तेल सुकून चिकट झालेलं असतं. ग्रीस म्हणजे साबण आणि तेल यांचं मिश्रण. साबण स्पंजासारखा तेल धरून ठेवतो आणि गियरच्या दातांना लागेल तसं सोडतो. वर्षानुवर्षं रील पडून राहिली की तेल झिरपून जातं, थोडं हवेनं आंबतं, आणि मागे उरतो तो नुसता चिकट साबण. त्यात आपला खानदेश. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर त्याहून जास्त. थंड मुलखात वर्षानुवर्षं टिकणारं ग्रीस इथे लवकर डिंक होतं. या डिंकावर नवं तेल सोडलं की तो विरघळत नाही, फक्त सैल होतो. आणि त्यात अडकून बसलेली तापीची बारीक रेती मोकळी होऊन तेलाबरोबर थेट पिनियनच्या, म्हणजे आतल्या लहान गियरच्या दातांत उतरते. रील फिरते, तुम्ही खूश होता, आणि दर फेऱ्याला दात घासले जातात. जाम झालेली रील वाचते. अशी फिरणारी रील दोन हंगामांत संपते.

हे मला कळलं ते भुसावळहून आलेल्या एका रीलमुळे. भुसावळला रेल्वेत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड यांची घरं होती, आणि त्यांच्यातल्या काहींना गळाचा नाद होता. पुढे बरीच कुटुंबं परदेशी गेली, सामान शेजारीपाजारी राहिलं. अशीच एक रील एका फिटरच्या घरी पेटीत पडून होती. वीसेक वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा ती माझ्याकडे घेऊन आला. काळी, अंड्याच्या आकाराची, दांडा डाव्या हाताचा. मिचेल ३००. फ्रान्समधल्या क्लूझ गावी कार्पानो आणि पॉन्स यांच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धानंतर या रील बनू लागल्या आणि जगभर गेल्या. क्लूझ हे घड्याळाचे सुटे भाग बनवणाऱ्यांचं गाव. रील उघडल्यावर ते दिसतंच.

दांडा पाव फेरा फिरायचा, अडायचा, आणि सोडला की रबर ताणल्यासारखा किंचित मागे यायचा. ही खूण लक्षात ठेवा. रबरासारखी अडते ती चिकटलेली रील, तिचं काहीही बिघडलेलं नाही. दगडावर आपटल्यासारखी खट्कन अडते तिचा दात तुटलेला असतो किंवा आत खडा असतो. तिला जोर लावायचा नाही.

बाजूचं झाकण काढलं तर आत पिवळट-तपकिरी थर. गुळाचा पाक जास्त उकळून कढईला धरतो तसा. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. त्यावर दुसरा, पांढुरका थर होता. "आईनं सांगितलं म्हणून खोबरेल सोडलं होतं," मुलगा म्हणाला. डिसेंबर महिना होता, आणि खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. तापीच्या काठी पहाटे आठ-दहा अंशांत त्याचं तूप होणारच. खोबरेलाचं निदान उन्हात पाणी होतं. करडईचं, शेंगदाण्याचं तेल त्याहून वाईट. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट चिकट होतं, तळणीच्या कढईच्या बाहेरून जो काळा, न निघणारा लेप धरतो तसं. स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल रीलच्या आसपास आणू नका.

तीन दिवस ते भाग पांढऱ्या पेट्रोलमध्ये भिजत ठेवले. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता मिळत नाही. पेट्रोल वापरत असाल तर अंगणात बसा, स्वयंपाकघराच्या आसपास नको. जुना दात घासायचा ब्रश आणि बांबूची काडी एवढंच हत्यार. लोखंडी टोक दातांना लावायचं नाही. तिसऱ्या दिवशी गियर बाहेर काढलं तर दातावर झीज जवळजवळ नव्हतीच. अर्धं शतक जुनं गियर, आणि कारखान्यातून निघालं असावं असं. त्या डिंकानंच ते सांभाळलं होतं. तो मुलगा तेल सोडून रील फिरवण्यात यशस्वी झाला असता तर मला ते दिसलं नसतं.

जोडून झाल्यावर दांडा फिरवला तेव्हा आतून टिकटिक यायला लागली. उलट फिरू नये म्हणून आत एक खटका असतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्रे असतात ना, तसाच कुत्रा. मिचेलची ती टिकटिक ठळक असते. मुलगा एकदम म्हणाला, "हाच आवाज. लहानपणी ऐकलाय." त्या दिवसापासून मी हे काम सोडलं नाही.

या रीलचं आणि आपलं नातं जुनं आहे, ते माझ्या वडिलांनी दाखवलं. ते प्रताप मिलमध्ये मागावर होते. पहिल्यांदा स्पिनिंग रील हातात घेतली आणि म्हणाले, "ही तर कांडी आहे." मी चक्रावलो. मग त्यांनी समजावलं. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, ती धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळतो. धोट्यातली कांडी फिरत नाही. ती जागेवर राहते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं, म्हणून धोटा एवढ्या वेगानं पळाला तरी सूत तुटत नाही. या रीलचंही तसंच. गळ फेकला की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं रीळ, जागेवर राहतं आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी निघून जातो. पुढे मी वाचलं तेव्हा वडिलांचं बोलणं अक्षरशः खरं निघालं. अशा रीलचं पेटंट १९०५ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी घेतलं. ते ब्रॅडफर्डकडचे गिरणीवाले, आणि गिरणीतल्या बॉबिनवरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. कापसाच्या मुलखातल्या माणसाला ही रील परकी वाटायचं काही कारण नाही.

आता एक चूक सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणीतरी ती करणार. एका रीलचं अंग ॲल्युमिनियमचं होतं, वर मेणचट थर. लवकर निघावा म्हणून मी ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं. मशीनचे लोखंडी भाग मी तसेच धूत आलो होतो. दहा मिनिटांनी पाहतो तर रंग पोपडे धरून निघालेला आणि खालचा धातू काळा पडलेला. ॲल्युमिनियमला सोडा खातो, लोखंडाला खात नाही. आंबटही तसंच, पितळेची समई चिंचेनं घासतात तसं या रीलला कधी घासू नका. ती रील चालते आहे, पण तिचं मूळ रूप मी घालवलं, आणि मालकांना तोंडावर ते सांगणं मला फार जड गेलं होतं. ॲल्युमिनियमला कोमट पाणी, भांड्याचा सौम्य साबण, मऊ ब्रश. बस्स. आणि दांड्याच्या मुठीला थिनर लावू नका, जुनं प्लॅस्टिक विरघळतं.

खरोखर मोडते ती बहुधा एकच वस्तू, बेलची स्प्रिंग. बेल म्हणजे तंगूस पकडून स्पूलवर आणणारी ती तारेची कमान. दर फेकीला ती उघडते, मिटते, आणि स्प्रिंग थकते. मिचेल घ्या नाहीतर अमेरिकेतल्या पेन कंपनीची हिरवट रंगाची जुनी रील घ्या, तुटलेली स्प्रिंग मी दोन्हींत पाहिली आहे. नवी मागवायला वेळ लागतो, म्हणून मी घरीच वळतो. तुटलेल्या स्प्रिंगची तार मापून तेवढ्याच जाडीची स्प्रिंग स्टीलची तार घ्यायची. जेवढ्या व्यासाची वेटोळी हवीत त्याहून बारीक सळईवर वळायची, कारण हात सोडला की तार थोडी उलगडते. वेढ्यांची दिशा मूळ स्प्रिंगसारखीच हवी. बेल उघडताना वेटोळी आवळली गेली पाहिजेत, सुटता कामा नयेत, नाहीतर स्प्रिंग आठवड्यात मोडते. मग जाड तव्यावर बारीक वाळू तापवायची, स्प्रिंग तीत पुरायची, आणि अधूनमधून चिमट्यानं काढून बघायची. चकचकीत तारेवर गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग चढला की उतरवायची आणि आपोआप गार होऊ द्यायची. निळी झाली तर तापवणं हाताबाहेर गेलं. माझ्या घरात भाकरीचा एक तवा याच कामात गेला आणि मला दुसरा आणून द्यावा लागला.

ड्रॅगचं थोडक्यात. मासा जोरात ओढू लागला की स्पूलनं ताण धरून थोडं थोडं सुटायला हवं, नाहीतर तंगूस तुटतो. त्यासाठी स्पूलच्या पोटात चकत्यांची चळत असते, धातूची एक, मऊ एक. जुन्या रीलमध्ये ही मऊ चकती फेल्टची किंवा चामड्याची असते, आणि ड्रॅग घट्ट आवळून वर्षानुवर्षं ठेवला की ती दबून पापड होते. मग ड्रॅग एकतर धरत नाही नाहीतर झटक्यानं सुटतो. शिलाई मशीनवर दोऱ्याच्या रिळाखाली जी लाल फेल्टची चकती असते ना, तशाच फेल्टच्या चकत्या मी कापून घालतो. मापात बसल्या तर उत्तम चालतात. आणि ड्रॅग ठेवताना कायम सैल ठेवा. मासेमारी संपली, घरी आलात, नॉब ढिला केला, मग जेवायला बसा.

उघडताना एक गोष्ट मी कधी टाळत नाही. अंड्याचा ट्रे घेऊन पहिला निघालेला भाग पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात, असं शेवटपर्यंत. मोबाइलवर फोटोही काढा, पण ट्रे हवाच. कागदाइतके पातळ शिम, म्हणजे फट भरणाऱ्या चकत्या असतात, एकावर एक चिकटून निघतात आणि फोटोत एकच दिसतो. तो एक शिम राहिला की गियर कधी घट्ट, कधी खडखडीत. काही रीलच्या नटांना उलटे आटे असतात, डाव्या हाताच्या दांड्यांना तर बऱ्याचदा. सुटत नाही म्हणून पान्यावर जोर वाढवण्याआधी दुसऱ्या दिशेला हलकेच फिरवून बघा.

आणि तेल? आहे की, पण शेवटी. सगळं स्वच्छ, कोरडं झाल्यावर. गियरच्या दातांवर पातळ लिथियम ग्रीस, ब्रशनं लावलेला नुसता लेप. अख्खा गाभा भरायचा नाही, जादाचं ग्रीस फक्त रेती गोळा करतं. तेल एकेक थेंब: ज्या रोलरवरून तंगूस येतो त्याला, बेलच्या दोन्ही सांध्यांना, दांड्याच्या मुठीला, मधल्या दांडीला. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, फक्त ते लवकर उडतं म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी परत द्यावं लागतं. रोलरकडे विशेष लक्ष द्या. तो फिरायचा थांबला की तंगूस त्याच जागी घासून खाच पाडतो, आणि मग ती खाच तंगूस कापते. कापसाचा बोळा रोलरवरून फिरवा, तंतू अडकला तर खाच पडली आहे.

वर्षातून एकदा उघडायची तर जूनमध्ये. पावसाच्या तोंडावर मासा अंड्यावर येतो, तेव्हा मी गळ टाकत नाही. पांझरा तापीला मिळते तिथल्या काठावर माझी नेहमीची जागा आहे. तिथले भोई मला बघून म्हणतात, काका आता दिवाळीलाच. त्या दिवसांत माझं टेबल रीलींनी भरलेलं असतं.

सध्या त्यावर एक जर्मन डॅम क्विक आहे, धुळ्याहून आलेली. हिचं गियर वर्मचं, म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखं, त्यात दात एकमेकांवर लोळत नाहीत, सरकतात. अशा रीलला ग्रीस कमी पडलेलं अजिबात चालत नाही, आणि हिच्यात तर कुणीतरी स्प्रे मारून होतं नव्हतं ते धुऊन टाकलंय. पितळी दातांची धार निघाली आहे. उद्या भिंगाखाली बघितल्यावर कळेल किती उरलं आहे ते. तोवर तुमची रील सावलीत ठेवा, ड्रॅग सैल करा, आणि यायचं तर पावसाला जोर येण्याआधी या. सुटलेले स्क्रू काडेपेटीत घालून आणा.