आमची वाटचाल : पोटमाळ्यावरचा रोजमेळ

आमच्या घराण्याचा धंदा भांड्यांचा. नाशिकच्या भांडीबाजारात अण्णांचं दुकान आहे, आता धाकटा भाऊ बघतो. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला पूर आला तेव्हा मी दुकानातच होतो. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, तिच्या गळ्याशी पाणी आल्याचं कळलं की आमच्या बाजारात कुणी विचारत बसत नाही, माल वर चढवायला लागतात. मी स्टीलचे डबे उचलले तर अण्णा ओरडले, "आधी वह्या ने! भांडं भिजलं तर पुसता येतं." तीस वर्षांचे रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, आधी पोटमाळ्यावर गेले, मग तांब्या-पितळेचा माल. स्टील राहिलं ते राहिलं.

आमचा पहिला गेम म्हणजे ती दुपार. पाणी चढतंय, हाताशी दोन माणसं आणि एक अरुंद जिना, आधी काय न्यायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. लाल कापडाच्या बांधणीची वही एवढी जड का ठेवली, असं अनेक जण विचारतात. ती खरोखर तेवढी जड असते.

फर्म २०१८ ची. कोड मी लिहितो, चित्रं माझा कॉलेजातला मित्र काढतो. पहिलं वर्ष दुसऱ्यांच्या जाहिरातींसाठी छोटे गेम करण्यात गेलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुरानंतर महिनाभरात आम्ही आपलं काम धरलं. इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, गोडो घेतलं, तेव्हा ३.१ नुकतंच आलं होतं. एमआयटी परवाना, म्हणजे मोकळेपणी वापरा, विक्रीवर हिस्सा नाही, आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालायचं. चित्रं असेप्राइटमध्ये, सोळा बाय सोळा पिक्सेलच्या टाइल. स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस.

आणि वही. मेनरोडवरून आणलेली, अण्णा वापरतात तीच उभी लांबट. रोजमेळात डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि दिवसाच्या शेवटी श्रीशिल्लक काढायची. आम्ही मांडणी तीच ठेवली. आज जे चालू झालं ते जमेला. जे मोडलं, अडलं, उद्यावर गेलं ते नावे. खाली शिल्लक, म्हणजे उघडे बग. दिवेलागणीला लिहायची, काम कितीही अर्धं असलं तरी. शुक्रवारी गेममधल्या त्याच जागेचा, सरकारवाड्यासमोरच्या चौकाचा, एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा. कॅमेरा हलवायचा नाही. आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचं असंच थोडं थोडं चित्रण केलं होतं, भांडवल देणाऱ्याला या यंत्राने काय होऊ शकतं हे पटावं म्हणून. पुढे १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपटच त्यांनी काढला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेलो की मला हेच आठवतं: काम करता करता काम टिपणारा हा माणूस आमच्या जिल्ह्यातला.

वहीत सगळ्यात जास्त पानं पाण्याने खाल्ली. आमचा बाजार म्हणजे चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला जमिनीची उंची आणि वरचं पाणी असे दोन आकडे. दर टप्प्याला पाणी उंच चौकोनातून शेजारच्या सखल चौकोनात उतरतं. सोपं वाटतं. पण पूर सराफ बाजारापर्यंत यायचा आणि तिथेच संपायचा. धरणातून कितीही सोडा, पुढचा बाजार भरायचाच नाही. दोन महिने नावे बाजूला एकच ओळ: पाणी आटतंय.

इथे काकांबद्दल लिहायला हवं. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आयुष्यभर छापील कागदातले दोष शोधण्याचं काम केलेले. दुकानात पितळी डबा घ्यायला आले आणि गल्ल्याशेजारी लॅपटॉपवर चाललेला आमचा पूर बघत तासभर उभे राहिले. जाताना म्हणाले, "हे मला घरी द्याल का?" पेन ड्राइव्हवर बिल्ड, म्हणजे गेमची चालती प्रत, दिली. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ईमेल त्यांना जमतो, पण तक्रार लेखी आणि हस्ताक्षरात असावी अशी त्यांची शिस्त. "चि. दोघांस अनेक उत्तम आशीर्वाद. पाणी सरकारवाड्याच्या पायरीशी येऊन नाहीसे होते. मी चार वेळा तपासले. कडेच्या चौकोनांत पातळ थर दिसतो व पुढच्या क्षणी दिसत नाही. गंगापूर धरणाचे पाणी असे आटत नाही."

पातळ थर! हिशेब हलका व्हावा म्हणून अगदी थोडं पाणी असलेला चौकोन आम्ही सरळ शून्य करत होतो. हजारो चौकोनांत दर टप्प्याला थेंब थेंब गळत होता. मग अपूर्णांकच काढून टाकले. पाणी पूर्ण आकड्यांत मोजायचं, वाटणी करून जी बाकी उरेल ती त्याच चौकोनात ठेवायची. एकूण पाणी आधी आणि नंतर सारखं निघालं पाहिजे, अण्णांचा रोजमेळ जुळतो तसं. त्या संध्याकाळी वहीत चौकोन काढून उरलेली बाकी जपण्याचा हा नियम लिहिला आणि शेजारी काकांचं कार्ड डकवलं. नाशिकरोड टपाल कार्यालयाचा शिक्का, नोव्हेंबर २०१९.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

२०२१ च्या जानेवारीत पैसे संपले होते. पुण्याच्या एका कंपनीने पाच महिन्यांचं कंत्राट दिलं. त्यांना शेतीच्या गेममध्ये पाटाचं पाणी हवं होतं आणि आमचा डेमो त्यांनी पाहिला होता. काम वेळेत दिलं. शेवटचा हप्ता, एक लाख साठ हजार, आजपर्यंत आलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीचा गेम आला: नदीकाठचा बाजार, पूर, माल वर चढवा. वकीलबाईंनी समजावलं की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्यावर असतो. पूर काही आमच्या मालकीचा नाही. मी ते गिळलं.

पण जूनमध्ये त्यांनी उलटी तक्रार केली. आमच्या गेममधली पाण्याची व्यवस्था त्यांच्या पैशांनी, कंत्राटाच्या काळात तयार झाली, म्हणजे ती त्यांची. ज्या ऑनलाइन दुकानात आमचं पान होतं तिथून ते उतरवलं गेलं, सव्वीस दिवस. त्याच महिन्यात त्या दुकानाचा डेमोंचा आठवडा होता. एका गेमला त्यात एकदाच जागा मिळते, आम्ही बरेच दिवस त्याच्यावर नजर ठेवून होतो. तो त्या सव्वीस दिवसांच्या अंधारात निघून गेला. गंगापूर रोडचं ऑफिस सोडलं. दोन टेबलं, मित्राचा ड्रॉइंग टॅब्लेट आणि वह्या घेऊन भांडीबाजारातल्या पोटमाळ्यावर आलो. पुरात रोजमेळ ठेवले होते त्याच फळीवर आमच्या वह्या लागल्या. मित्राने अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम धरलं, पण रोज सात वाजता जिना चढून यायचा. त्या सव्वीस दिवसांत तो एकदाही चुकला नाही.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ते दाखवू, असं मला वाटलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, कमिटची, म्हणजे त्यातल्या नोंदीची, तारीख तुमच्याच यंत्राच्या घड्याळातून येते, समोरचा म्हणेल मागून घातली. कोड बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला आम्ही २०२१ मध्ये लागलो, त्याआधीचं सगळं घरच्या हार्ड डिस्कवर. मग मी वह्या उघडल्या. बाईंनी पानं उलटता उलटता कार्डाचा कोपरा वर केला आणि शिक्का बघितला. "अशी किती आहेत?" एकोणीस होती, सगळी कंत्राटाच्या आधीची. पाण्याच्या प्रत्येक बदलावर काकांचा शेरा, प्रत्येकावर टपालखात्याची तारीख. शुक्रवारचे व्हिडिओही पहिल्यापासून लोकांना दिसतील असे चढवलेले होते, त्यांच्या तारखा आमच्या हातातल्या नव्हत्या. काका स्वतः पोटमाळ्यावर आले, चष्मा लावून एकेक कार्ड लावून दिलं आणि खाली सही केली. तक्रारीला उत्तर म्हणून दुकानाकडे आमचा प्रतिदावा गेला. समोरचे कोर्टात गेले नाहीत, म्हणून पान परत आलं.

त्यांनी चूक कबूल केली नाही, हप्ता दिला नाही. त्यांचा गेम अजून विकला जातो. त्यांच्या गेममध्ये पाणी आटतं, मी पाहिलं आहे. बाकी जपण्याचा नियम त्यांना शेवटपर्यंत समजला नाही.

आमचा गेम २०२३ मध्ये आला, चालला, पोटमाळा पक्का करून घेतला. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे.

नवी मुलं भेटायला येतात, डेव्हलॉग, म्हणजे गेम घडतानाची नोंद, कसा ठेवू विचारतात, म्हणजे त्यांना पाहणारे किती मिळतील हे विचारायचं असतं. मी सांगतो, जाहिरात वेगळी आणि रोजमेळ वेगळा. बिघडलेल्या दिवशी आधी लिहा, चांगला दिवस आपोआप लक्षात राहतो. "पाणी सुधारलं" असं लिहू नका, किती चौकोन, किती फ्रेम, आधी काय आणि नंतर काय ते लिहा. टाकून दिलेली चित्रं फेकू नका. तारीख आपल्या घड्याळाबाहेरच्या कुणाकडे तरी लागू द्या. आणि कंत्राटावर सही करण्याआधी, तुमचं जे आधीपासून तयार आहे त्याची यादी करून ती करारालाच जोडा. मी जोडली नव्हती.

सध्या नववी वही चालू आहे. नवा गेम रहाडींचा, रंगपंचमीला उघडतात त्या. वर्षभर फळ्या आणि मातीखाली मिटलेला तो पेशवेकालीन हौद, फुलांचा उकळलेला रंग, आणि वरून उडी टाकून मारायचा धप्पा. रंग उसळून किती उडतो आणि परत किती पडतो, त्याचा हिशेब अजून जुळत नाही. परवा कार्ड आलं. अक्षर आता थोडं थरथरतं. "चि. दोघांस अ. उ. आ. धप्पा मारणारा माणूस वर येतो तेव्हा कोरडा असतो. तपासावे."

नावे बाजूला लिहिलं आहे.