बाराशे मुलं म्हणजे नक्की किती?

सोमवार

एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, हे कळायला संख्याशास्त्र लागत नाही. शिक्षक तेच, वेळापत्रक तेच, घरंही बहुधा आसपासचीच. पण साधं रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं गणित) चालवलं की सॉफ्टवेअर डेटाची प्रत्येक ओळ सुटी, स्वतंत्र धरतं, आणि आपणही निमूटपणे तसंच धरून चालतो. मल्टिलेव्हल मॉडेलिंग, म्हणजे मुलं आणि शाळा अशा दोन्ही पातळ्या एकत्र धरणारी पद्धत, शिकायला बसले ते यासाठीच. आज सॉफ्टवेअरला हात न लावता फक्त कागदावर हिशोब केला.

समजा 40 शाळा, प्रत्येकीत 30 मुलं, एकूण 1200. गुणांमधल्या एकूण व्हेरिअन्सपैकी (चढउतारापैकी) दहावा हिस्सा शाळाशाळांमधला, बाकीचा शाळेच्या आतला. या हिश्शालाच आयसीसी म्हणतात; इथे तो 0.1. मुलं गटागटांत असल्याने नमुन्याचं बळ किती पट घटतं, ते सांगणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या डिझाइन इफेक्टच्या सूत्रात हे घातलं: 1 + (30 − 1) × 0.1 = 3.9. आता 1200 ला 3.9 ने भागायचं. हाती उरतात साधारण 308. शाळेत ग्रंथालय असल्याने काय फरक पडतो, अशासारख्या शाळेच्या पातळीवरच्या प्रश्नाला या बाराशे मुलांचं बळ सुमारे तीनशे सुट्या मुलांइतकंच. साधं रिग्रेशन तिथे स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) जवळजवळ निम्मी दाखवणार आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) नको तितकी लहान होऊन ऐटीत चमकणार. 0.1 हा आकडा ऐकायला किती किरकोळ वाटतो!

हे नुसतं कागदावरचं भय नाही. 1976 साली इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांचा शिकवण्याच्या पद्धतींवरचा अभ्यास आला. औपचारिक पद्धतीने शिकलेली मुलं पुढे असतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. 1981 मध्ये मरे एटकिन आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला. मुलं वर्गावर्गांत बसलेली असतात एवढी गोष्ट हिशोबात धरल्यावर पद्धतींमधले फरक इतके पुसट झाले की त्यांच्यावर काही उभं करणं अवघड झालं.

बुधवार

आज श्रिंकेजशी, म्हणजे शाळेची सरासरी सगळ्यांच्या सरासरीकडे ओढण्याशी, भांडण. अजून पूर्ण मिटलेलं नाही.

दोन शाळा घेतल्या. एकीत चारच मुलं, दुसरीत 36. दोघींची सरासरी 76, सगळ्या शाळांची मिळून सरासरी 60, आयसीसी तोच 0.1. मॉडेल प्रत्येक शाळेच्या स्वतःच्या सरासरीवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवतं. 36 मुलांच्या शाळेवर 0.8, चार मुलांच्या शाळेवर जेमतेम 0.31. मोठी शाळा 76 वरून 72.8 वर येते. लहान शाळा थेट 65 च्या आसपास.

पहिल्यांदा संतापच आला. चार मुलांनी मेहनत करून 76 मिळवले आणि आम्ही म्हणायचं, तुमचे 65 धरू? मग उलट बाजूने विचार केला. नुसत्या सरासरीवरून पहिल्या दहा शाळा काढल्या तर त्यांत लहान शाळांचीच गर्दी होईल. आणि शेवटच्या दहा काढल्या तरी लहान शाळांचीच! चारांपैकी एकाचं पोट परीक्षेच्या दिवशी बिघडलं की अख्ख्या शाळेची सरासरी कोसळते. मॉडेल त्या शाळेला शिक्षा करत नाही. चार मुलांवरून जेवढं बोलता येतं तेवढंच ते बोलतं. हे पटलं.

तरीही सगळ्या शाळांचं चित्र रेखाटायला श्रिंकेज उत्तम, एका शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर ठेवायला नाही, या मतावर मी सध्या ठाम आहे. त्यांना त्यांची सरासरी आणि तिच्याभोवतीची अनिश्चितता दाखवावी. 65 हा आकडा त्यांच्या मुलांपैकी कुणाच्याच उत्तरपत्रिकेत नाही.

जाता जाता: या गणिताचा मोठा भाग शाळांसाठी जन्मलाच नाही. चार्ल्स हेंडरसन यांनी ते जनावरांच्या पैदाशीसाठी बसवलं. ज्या वळूच्या मोजक्याच मुली दूध देतायत, त्याचं मोल कसं ठरवायचं? प्रश्न अगदी माझ्या चार मुलांच्या शाळेचाच.

शनिवार

या आठवड्यात सगळ्यात जास्त काही हाती लागलं असेल तर ते आज. विषय तसा कंटाळवाणा: सेंटरिंग, म्हणजे आकडे सरासरीपासूनच्या अंतरात मांडणं.

अभ्यासाचे तास आणि गुण, एवढंच घ्या. यात दोन प्रश्न लपलेत. एकाच शाळेत जास्त तास अभ्यास करणाऱ्या मुलाला जास्त गुण मिळतात का? आणि ज्या शाळेत सरासरी अभ्यास जास्त होतो, त्या शाळेची सरासरी जास्त असते का? दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात, चिन्हासकट. तास जसेच्या तसे मॉडेलमध्ये टाकले तर जो एक सहगुणक (एका तासामागे किती गुण, हा आकडा) मिळतो, तो या दोन उत्तरांची खिचडी असतो. कुणाचं वजन किती, हे डेटाच्या आकारावर ठरतं. मी ठरवलेलं नसतं.

1950 मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी हे अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवर दाखवलं होतं. परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा सहसंबंध माणसामाणसाच्या पातळीवर थोडासा धन, 0.118. राज्यांच्या पातळीवर मात्र चक्क ऋण, −0.526. कारण स्थलांतरित लोक स्थायिक झाले ते मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत.

उपाय सोपा आहे. एका रकान्यात शाळेची सरासरी, दुसऱ्यात मुलाचं त्या सरासरीपासूनचं अंतर, आणि दोन्ही मॉडेलमध्ये. मी आता रँडम इफेक्टचा (शाळेगणिक बदलू दिलेल्या भागाचा) विचार करण्याआधी हे दोन रकाने तयार करते.

रविवार

एलएमई4 या आर भाषेतल्या पॅकेजमध्ये प्रत्येक शाळेला स्वतःचा स्लोप (तासांमागे गुण वाढण्याचा दर) दिला. उत्तर आलं: सिंग्युलर फिट, म्हणजे एवढं मॉडेल या डेटाला पेलत नाही असा इशारा. तपशील उघडला तर इंटरसेप्ट (शाळेची मूळ पातळी) आणि स्लोप यांचा सहसंबंध बरोब्बर −1.00. इतकं परिपूर्ण नातं खऱ्या शाळांमध्ये असणार नाही. स्लोपचा फरक मोजायला माझ्याकडच्या शाळा पुरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आधी सहसंबंध काढून पाहीन. तरी अडलं तर स्लोप सगळ्यांना एकच ठेवीन आणि तसं स्पष्ट लिहीन.

पी-व्हॅल्यूही नाहीत. हे पॅकेज लिहिणाऱ्या डग्लस बेट्स यांनी त्या मुद्दाम ठेवल्या नाहीत, कारण अशा मॉडेलमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशोबाला उरणारी स्वतंत्र माहिती) किती धरायच्या याचं सरळ उत्तर नसतं. लोक यावर करवादतात. मला उलट बरं वाटलं. तक्त्यात पी-व्हॅल्यूसाठी लावलेले तारे मोजायची सवय सुटते.

मॅडमचा निरोप आलाय, तक्त्यात अभ्यासाच्या तासांसाठी एकच आकडा हवा, वाचणाऱ्याला सोपं जातं. मी दोन ओळी पाठवतेय: ‘शाळेच्या आत’ आणि ‘शाळाशाळांमध्ये’. पहिलीतला आकडा धन आहे, दुसरीतला शून्याच्या आजूबाजूला. यांचा एक आकडा कसा करायचा, ते उद्या त्यांनाच विचारते.