बफेलो नदी आणि आमचे डॉक्टर कॉम्प्टन

वॉलमार्टच्या मुख्यालयामुळे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या आमच्या बेंटनव्हिलला आता बरीच मराठी घरं आहेत, तरी ‘आर्कान्सात बघायला आहे काय?’ हे पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतोच. बफेलो नदी आहे! ओझार्कच्या डोंगरांतून मोकळी वाहणारी, १३५ मैलांची संरक्षित नदी. तिच्यावर एकही धरण नाही.

नदीकाठच्या पाँका गावात कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, भाड्याने देणाऱ्या बाईंनी वल्ही हातात द्यायच्या आधी आमचं सामान बघितलं. लोणच्याची बरणी गाडीत परत ठेवायला लावली, कारण नदीवर काच न्यायची नाही. कूलरचं झाकण पट्ट्याने आवळलं, कनूला कचऱ्याची जाळीदार पिशवी बांधली. कनू उलटली तरी पाण्यात काही पडता कामा नये, असा कायदाच आहे. मला हे मनापासून आवडलं. पुढे हेम्ड-इन हॉलोच्या २०९ फुटी धबधब्याकडे जायला थांबलो, तर शेजारच्या कनूतल्या शाळकरी पोराने खडकात अडकलेला कुणाचातरी चेपलेला कॅन उपसून काढला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. आता आपल्या देवकुंड धबधब्याच्या वाटेवरच्या प्लास्टिकचा विषय कुणीतरी काढेल. काढा, पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे केवढी गर्दी लोटते, तेही धरा.

खरं कौतुक पुढेच आहे. या नदीवर धरणं बांधायचं सरकारी लष्करी अभियंत्यांनी ठरवलं होतं. त्याविरुद्ध १९६२ साली ओझार्क सोसायटी उभी केली ती आमच्याच बेंटनव्हिलच्या नील कॉम्प्टन या डॉक्टरांनी. दहा वर्षं झगडून १ मार्च १९७२ रोजी ही अमेरिकेची पहिली ‘राष्ट्रीय नदी’ झाली.

मला मुळशी आठवल्याशिवाय राहिली नाही. सेनापती बापट १९२१ मध्येच धरणाविरुद्ध उभे राहिले होते, तेही इंग्रजांच्या राज्यात. आपण हरलो, पण लढायला उशीर केला नव्हता. मुंबईला वीज हवी होती, हेही खरंच. आणि इथेही सगळं गोड नाही: नदी राखण्यासाठी काठच्या कित्येक शेतकऱ्यांना पिढीजात जमिनी सरकारला द्याव्या लागल्या. धरण न होताही त्यांचं घरदार गेलंच. त्यांची बाजू मला जास्त कळते, कारण मुळशीत गाव बुडालेल्यांची नातवंडं मी पाहिली आहेत.

यायचं तर एप्रिलमध्ये या. भर उन्हाळ्यात पाँकाजवळ पाणी इतकं उतरतं की कनू दगडांवरून ओढत न्यावी लागते. संध्याकाळी जवळच्या बॉक्सली खोऱ्यात एल्क, म्हणजे मोठाली हरणं, चरायला येतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.