टोणग्याच्या कानातला बिल्ला

यंदा पहिल्यांदाच आमच्या गोठ्यात टोणगा वाढला. लिहायला जड जातं, पण दुधाच्या धंद्यात म्हशीला टोणगा झाला की तो पान्हा सोडवण्यापुरताच आईखाली लावतात. पोटभर दूध पारडीला, म्हणजे मादी रेडकाला. महिन्या-दीड महिन्यात तो खंगून जातो. मीही हेच करत आले.

या वेळी डॉक्टरांनी सांगितलं ते नेमानं केलं. तासाभरात चीक, पुढं वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध, दहाव्या दिवशी जंताचं औषध. रेडकाला जंत आईच्या दुधातूनच येतात, हे इतकी वर्षं म्हशी सांभाळून मला ठाऊक नव्हतं! दीड वर्षात टोणगा अंगानं भरला.

विकायला काढला तेव्हा खरी परीक्षा झाली. 1 जून 2024 पासून कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर राज्यात जनावर विकता येत नाही की गाडीत घालता येत नाही. बिल्ला होता. पण व्यापाऱ्यानं नंबर टाकला तर ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर तो गाय वर्गात, गोऱ्हा म्हणून! मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. रेडकाचं तसं नाही. दूध, पैदास, ओढकाम यांपैकी कशाच्या उपयोगाचं नाही, असा तपासणीचा दाखला मिळाला तर परवानगी मिळते. व्यापारी मागं सरला. त्याचं काही चुकलं नाही, कागदावर गोवंश असलेलं जनावर गाडीत घालायचं म्हणजे पोलीस केस.

दवाखान्यात तीन खेपा झाल्या. एकदा नोंदी करणारे रजेवर. एकदा ओटीपी पुण्याला, मुलाच्या फोनवर गेला, तो कामावर. तिसऱ्या खेपेला मी टोणगाच दाव्यानं धरून नेला, तेव्हा दुरुस्ती झाली.

नियम मला नकोसे नाहीत. महायुद्धात लष्कराला मांस पुरवता पुरवता जनावरं घटली, तेव्हा 1944 साली सरकारला तीन वर्षांखालच्या जनावरांच्या कत्तलीवर निर्बंध घालावे लागले होते. वासरं राखायला कायदा लागतोच. पण आमच्याकडची रेडकं कत्तलखान्यात पोचायच्या आधी गोठ्यातच उपाशी मरतात, त्याची नोंद कुठल्याच बिल्ल्यावर होत नाही.

परवा दुसरी म्हैस व्याली. टोणगाच झालाय. बिल्ला मारतील तेव्हा स्क्रीनवर ‘म्हैस’ लिहिलेलं वाचूनच मी दवाखान्यातून हलणार आहे.